बॅकअप आहे, पण तो उघडतो का?

बॅकअप बिघडला तरी त्याचा पत्ता लागत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी अडचण. फाइल ड्राइव्हवर जागच्या जागी असते, आकार ठीक दिसतो, तारीखही ताजी असते. मूळ डिस्क गेली, रिस्टोअर करायला, म्हणजे बॅकअपमधून सगळं परत आणायला घेतलं, की मग कळतं, आतलं काहीच हाताला लागत नाही.

जाणत्यांच्या बाबतीतही हे घडलं आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप नेमाने होतोय अशी समजूत होती. प्रत्यक्षात बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, डेटाबेस नव्या. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणाऱ्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. कंपनीला तारलं ते साधारण सहा तास आधी भलत्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने. हे सगळं कंपनीने स्वतःच सविस्तर जाहीर केलं, आणि ते फार चांगलं केलं.

आता आपल्या कॉम्प्युटरकडे वळू. बरेचसे बॅकअप प्रोग्रॅम पहिल्यांदा सगळ्याची पूर्ण प्रत घेतात आणि पुढे फक्त बदललेला भाग साठवतात. हा इन्क्रिमेंटल बॅकअप. जागा आणि वेळ दोन्ही वाचतात, पण प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर अवलंबून राहते. रविवारी पूर्ण बॅकअप आणि सोमवार ते शुक्रवार इन्क्रिमेंटल घेतला असेल, तर शुक्रवारची स्थिती परत आणायला सहाच्या सहा फाइली शाबूत हव्यात. मंगळवारची फाइल जुनी झाली म्हणून कोणी उडवली, की बुधवार, गुरुवार, शुक्रवार असूनही नसल्यासारखे. फार तर सोमवारपर्यंतचं परत मिळतं. डिफरन्शियल प्रकारात दर वेळी पूर्ण बॅकअपनंतरचे सगळे बदल एकत्र ठेवले जातात. तिथे फाइली फुगत जातात, पण रविवारची आणि शुक्रवारची अशा दोनच पुरतात. म्हणून जागा कमी पडली तरी बॅकअपच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने काही पुसू नका. जुनं काढण्याचं काम त्या प्रोग्रॅमलाच करू द्या.

काही बिघाड अगदी साधे असतात. ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही मोठी फाइल ४ जीबीपाशी अडत असेल, तर ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात त्याहून मोठी अशी एकही फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट वापरा, मात्र फॉरमॅट करण्याआधी ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे हलवा. विंडोजला स्वतःचा सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट घेतलेली संपूर्ण प्रत, सापडत नसेल, तर ‘विंडोजइमेजबॅकअप’ या फोल्डरचं नाव कोणी बदललंय का, किंवा तो दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलाय का, ते बघा.

फाइल ठेवली तशीच आहे का, हे तपासायला हॅश उपयोगी पडतो. पॉवरशेल या विंडोजमधल्या कमांड टाइप करायच्या प्रोग्रॅममधली ‘गेट-फाइलहॅश’ ही कमांड फाइल वाचून ६४ चिन्हांची एक ओळ देते. तीच हॅश. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. बॅकअप घेतल्याबरोबर ही ओळ टिपून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा काढून ताडून पाहा. पण याची मर्यादा नीट लक्षात घ्या: फाइल बदललेली नाही एवढंच हॅश सांगतो. ती घेतानाच अर्धवट राहिली असेल, तर हॅश तिच्या अर्धवटपणाचीच ग्वाही देत राहील.

बॅकअप फाइल खराब निघालीच, तर दुरुस्ती थेट तिच्यावर करू नका. आधी तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. ड्राइव्हमधून टकटक आवाज येत असेल, तर तो लगेच बंद करा. चालू ठेवाल तितकं नुकसान वाढू शकतं.

खरी परीक्षा रिस्टोअरचीच. एक जुनी फाइल, एक कालची आणि एखादा फोटो निवडा, वेगळ्याच फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून पाहा. जमलं तर हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा असेल, तर नेहमीच्या कॉम्प्युटरवर बहुधा पासवर्ड साठवलेला असतो आणि तो कधी विचारलाच जात नाही. दुसरीकडे मात्र विचारला जातो, आणि तो आठवत नसेल तर मूळ डिस्क चालू आहे तोवरच नव्या पासवर्डने नवा बॅकअप घेता येतो.