पाय देऊन न कळणारी गोष्ट

रे रोडच्या वखारीत पाइनची फळी घ्यायला गेलो की सोबतचा सुतार दोनच परीक्षा घेतो. फळी आडवी टाकून मधोमध पाय देतो, मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत वाजली की, "सुकलेलीय, घ्या." सुकलेली असते हे खरं. पण किती तापवून सुकवली?

सुकवणं लाकडाच्या हिताचंच. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली गेला की पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी निघू लागतं, तंतू जवळ येतात आणि लाकूड मजबूत होतं. घोळ घाईचा आहे. 70-80 अंशांच्या भट्टीत जे काम काही दिवस चालतं, ते 120 अंशांवर दिवसभरात उरकतं. न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन बरंचसं असंच सुकवतात. थप्पीवर वजन ठेवलं की उष्णतेने मऊ झालेलं लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून धरणारा लाकडातला घटक, तसंच थंड होतं आणि पीळ खाणारी फळी सरळ राहते. हा फायदा लहान नाही.

भुर्दंड पडतो हेमिसेल्युलोजवर, लाकडाच्या तीन मुख्य घटकांपैकी एकावर. सेल्युलोज म्हणजे सळई आणि लिग्निन म्हणजे सिमेंट म्हटलं, तर हेमिसेल्युलोज ही सळया बांधणारी तार. उष्णतेत आधी तीच तुटते. तुटताना असेटिक आम्ल सुटतं, तेच व्हिनेगरमधलं, आणि ते उरलेली मोडतोड वाढवतं. लाकूड ओलं असताना जितकं जास्त आणि जितका वेळ तापेल, तितकं नुकसान अधिक. अमेरिकेतल्या इमारती लाकडांपैकी डग्लस फर यात सदर्न पाइनपेक्षा नाजूक.

गंमत अशी, की ताठपणा जवळजवळ तसाच राहतो. घटतो तो मोडेपर्यंत सोसण्याचा दम. सुताराचा पाय आणि पेर, दोन्ही ताठपणाच मोजतात! चिवट लाकूड करकरतं, लांब चिरफळ्या काढत तुटतं. फार तापलेलं काडकन, आखूड. गाठाळ फळीत हा फरक लपतो, कारण ती मुळात गाठीपाशीच मोडते. जास्त पैसे मोजून घेतलेल्या बिनगाठीच्या फळीत तो उघडा पडतो.

मुंबईच्या पावसाळ्यात फळी हवेतली ओल पुन्हा पिते आणि सुकून कमावलेली थोडी ताकद गमावते. ती दिवाळीनंतर परत येते. तुटलेली तार येत नाही.

पुस्तकांच्या कप्प्याला ताठपणाच हवा, तिथे सुताराची परीक्षा पुरते. पण माळ्याच्या वाशासाठी मी भट्टीचे अंश विचारतो. वखारवाला चहा मागवतो.