जांभळ्याच दिव्याखाली झाड वाढते, हा गैरसमज

घरातल्या झाडांना जांभळाच दिवा लागतो, पांढऱ्या एलईडीचा उपयोग नाही, हा समज कोल्हापुरात अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषते आणि हे दोन रंग मिळून जांभळा उजेड होतो, एवढ्यावरून तो समज रूढ झाला. परंतु पिकांच्या प्रकाशसंश्लेषणाचे संशोधक मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगले चालते, हे स्पष्ट दिसले. पांढऱ्या एलईडीत हे तिन्ही रंग असतात. खरे महत्त्व झाडापर्यंत किती प्रकाश पोहोचतो याला आहे. राजारामपुरीतल्या आमच्या घरी आषाढाच्या झडीत लांबट, फिकट झालेली तुळस साध्या पांढऱ्या दिव्याखाली वीतभर अंतरावर रोज बारा तास ठेवली, तेव्हा तिला आखूड पेरांची, गर्द पानांची नवी फूट आली. जांभळ्या उजेडात पानांवरची कीडसुद्धा नीट ओळखता येत नाही, आणि मला तोच त्याचा मोठा दोष वाटतो.