तातारस्तान आणि बाश्कोर्तोस्तान: भाषा जवळच्या, घडण वेगळी

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींपैकी कुणी कझानला जाते, तर कुणी उफाला. मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात मात्र ही दोन्ही शहरे 'तिकडे तातार लोकांच्या भागात' अशी एकाच ठिकाणी जमा होतात. वस्तुतः कझान ही तातारस्तानची राजधानी आहे आणि उफा ही बश्कीर लोकांच्या बाश्कोर्तोस्तानची. दोघींमध्ये रस्त्याने सुमारे सव्वापाचशे किलोमीटरचे अंतर आहे आणि घड्याळेही वेगळी आहेत. आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेले असताना कझानला साडेसात वाजतात, तर उफाला साडेनऊ. दोन्ही रशियन संघराज्यातील प्रजासत्ताके आहेत, दोन्हीकडे मुस्लिम परंपरेचे, तुर्किक भाषाकुळातील भाषा बोलणारे लोक राहतात आणि दोन्हीकडे तेल सापडते, त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे. खुद्द सोव्हिएत राज्यकर्त्यांनीही मार्च १९१८मध्ये दोघांचे मिळून एकच तातार-बश्कीर प्रजासत्ताक जाहीर केले होते. ते प्रत्यक्षात आले नाही. १९१९मध्ये बश्कीरांना आणि १९२०मध्ये तातारांना स्वतंत्रपणे स्वायत्तता मिळाली.

तातारस्तान हा व्होल्गा आणि कामा या नद्यांच्या संगमाचा, बहुतांशी सपाट आणि शेतीचा प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्याहून किंचित जास्त. बाश्कोर्तोस्तान त्याच्या दुपटीहून मोठा, सुमारे १,४३,००० चौरस किलोमीटरचा आहे. त्याचा पश्चिम भाग तातारस्तानसारखाच सखल असला, तरी पूर्वेला दक्षिण उरल पर्वताच्या रांगा उभ्या राहतात आणि त्यांतले यामांताऊ शिखर १,६४० मीटर उंच आहे. लोकसंख्या मात्र दोन्हीकडे चाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच आहे.

खरा फरक इतिहासात आहे, असे मला वाटते. तातारांची ओळख शहर, बाजारपेठ आणि राज्यसत्ता यांच्याभोवती घडली. व्होल्गाकाठच्या बल्गार राज्याने ९२२मध्ये इस्लाम स्वीकारला आणि पुढे याच परिसरात कझानची खानशाही उभी राहिली. १५५२मध्ये रशियाचा झार चौथ्या इव्हानने वेढा घालून कझान जिंकले आणि तातारांना तटाबाहेर वस्ती करावी लागली. बश्कीरांकडे असे राजधानीचे शहर नव्हते. ते घोडे पाळणारे, ऋतूप्रमाणे कुरणे बदलणारे लोक होते. त्यांच्या कुळांनी झारचे स्वामित्व मान्य केले ते कर भरण्याच्या बदल्यात आपल्या जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क कायम राहील या बोलीवर. पुढे ती बोली मोडली जाऊ लागली, तशी बंडे होत गेली. रशियन राजसत्तेविरुद्धच्या १७७३ ते १७७५च्या पुगाचोव्हच्या उठावात लढलेला सलावत युलायेव आजही बश्कीरांचा राष्ट्रवीर मानला जातो. उफा हे शहरसुद्धा १५७४मध्ये रशियनांनी बांधलेल्या किल्ल्यातून वाढले.

जमिनीचे हे नाते उरलच्या जंगलात अजून डोळ्यांनी पाहता येते. तिथे पाइनच्या जिवंत झाडाच्या बुंध्यात, जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर ढोली कोरून तिच्यात रानमधमाश्या वसू देण्याची पद्धत आहे. मध काढणारा माणूस 'किराम' नावाचा चामड्याचा विणलेला पट्टा झाडाभोवती आणि स्वतःभोवती घेऊन वर चढतो. झाडाच्या सालीवर कुळाची खूण, म्हणजे 'तामगा', कोरलेली असते आणि बापाचे झाड मुलाकडे येते. सातबारा नसलेल्या रानात हीच मालकीची नोंद. ही परंपरा आणि तिथली बुर्झ्यान जातीची मधमाशी टिकावी म्हणून शुल्गान-ताश हे अभयारण्य राखलेले आहे.

भाषेच्या बाबतीत सीमारेषा धूसर होते. तातार आणि बश्कीर या इतक्या जवळच्या भाषा आहेत की बोलणारे एकमेकांना सहज समजतात, पण कानाला एक खूण लगेच जाणवते. तातारमध्ये अनेक शब्दांच्या आरंभी 'स' असतो, तिथे बश्कीरमध्ये 'ह' येतो. दुधाला तातार 'स्योत' म्हणतो, तर बश्कीर 'ह्योत'. ज्या मराठीत 'सप्ताह' आणि 'हप्ता' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात, तिला हा बदल नवा नाही. २०१०च्या जनगणनेत तातारस्तानात तातार सुमारे ५३ टक्के आणि रशियन सुमारे ४० टक्के होते. बाश्कोर्तोस्तानात मात्र रशियन ३६, बश्कीर २९.५ आणि तातार २५ टक्के होते, म्हणजे ज्यांच्या नावाचे प्रजासत्ताक, ते तिथे बहुसंख्य नाहीत. याचे एक मोठे कारण असे की कझान पडल्यानंतर अनेक तातार कुटुंबे पूर्वेला सरकत बश्कीरांच्या जमिनीवर स्थिरावली. त्यामुळे पश्चिम बाश्कोर्तोस्तानातील कित्येक घरांत कागदावर बश्कीर आणि चुलीपाशी तातार अशी स्थिती आहे आणि तिथल्या जनगणनेचे आकडे नेहमीच वादाचे ठरतात. म्हणूनच तातार भाषेचा प्रदेश आणि तातारस्तान यांना एकच समजणे चूक आहे.

तेल आधी निघाले ते बाश्कोर्तोस्तानात, १९३२मध्ये इशिम्बायला. पण तातारस्तानातील रोमाश्किनोचे १९४८मध्ये सापडलेले क्षेत्र इतके प्रचंड होते की १९७०च्या दशकात तातारस्तानचे एकूण वार्षिक उत्पादन दहा कोटी टनांवर गेले. युरोपला तेल पोहोचवणारी द्रुझ्बा वाहिनी तिथल्याच आल्मेत्येव्स्कपासून सुरू होते. पुढे दोघांच्या वाटा फाकल्या. तातनेफ्त कंपनीतील मोठा हिस्सा कझानच्या सरकारने आपल्या हाती राखला, तर बाश्कोर्तोस्तानची बाशनेफ्त खासगी हातांतून पुन्हा सरकारकडे येऊन २०१६मध्ये रोसनेफ्त या रशियन सरकारी तेल कंपनीच्या ताब्यात गेली. नाबेरेझ्नीये चेल्नी येथील कामाझचे ट्रक ही तातारस्तानची दुसरी ओळख आहे. भारतीय हवाई दलाची एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरे कझानची, तर नाशिकजवळच्या ओझरला जुळवणी झालेल्या सुखोई-३० विमानांचे इंजिन मुळात उफाच्या कारखान्याचे.

बाश्कोर्तोस्तानात रसायन उद्योगाचे वजन मोठे आहे. स्तेर्लितामाक शहराजवळ प्राचीन समुद्रातील प्रवाळभित्तींपासून बनलेल्या चार एकाकी टेकड्या होत्या. त्यांतली शाखताऊ सोडा बनवण्यासाठी लागणाऱ्या चुनखडीपायी खणून संपवली गेली. पुढची पाळी कुश्ताऊची आली, तेव्हा ऑगस्ट २०२०मध्ये लोक त्या टेकडीवर तळ ठोकून बसले. त्यांत बश्कीर होते, तातार होते, रशियनही होते. काम थांबले आणि काही आठवड्यांतच कुश्ताऊला संरक्षित निसर्गस्मारकाचा दर्जा मिळाला.