ब्रेकनंतर कावा कमी का लागतो?

फिजी, टोंगा, वानुआतू या पॅसिफिक बेटांवर कावा, म्हणजे एका झाडाच्या मुळांचं पेय, रोजच्या जगण्यातला आहे. मुळाची पावडर फडक्यात बांधून पाण्यात मळत बसायचं, पाणी गढूळ मातकट झालं की नारळाच्या करवंटीतून एका दमात प्यायचं. ज्यात हे मळतात त्या लाकडी परातीला फिजीत तानोआ म्हणतात आणि करवंटीला बिलो. पिऊन मन निवांत होतं, अंग सैल पडतं, डोकं मात्र बऱ्यापैकी जाग्यावर राहतं.

आता गंमत बघा, दारू काही महिने सोडून परत घेतली की थोडीशी घेतली तरी जास्त चढते, पण कावा पिणारे बरेच जण नेमकं उलटं सांगतात, की मोठ्या गॅपनंतर पहिले काही दिवस काहीच वाटत नाही आणि मग हळूहळू आधीचा इफेक्ट परत येतो. नवख्या माणसालाही सुरुवातीला असंच होतं म्हणे. याला रिव्हर्स टॉलरन्स म्हणतात. पण हे सगळं मुख्यतः पिणाऱ्यांच्या अनुभवावर उभं आहे, माणसांवरच्या नीट चाचण्यांतून पक्कं झालेलं नाही, त्यामुळे 'मेंदूला सवय लागावी लागते' हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका.

हे झाड मिरी आणि विड्याच्या पानाच्या वेलीच्याच पायपर कुळातलं. त्याच्या मुळांमध्ये कावालॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यातली सहा मुख्य. ती मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवतात, नसांमधून संदेश पुढे नेणाऱ्या सोडियम चॅनलना आवर घालतात आणि त्यातलं यांगोनिन तर गांजाचे घटक जिथे जाऊन बसतात त्याच सीबी-वन रिसेप्टरवरही बसतं. म्हणजे एकच बटण दाबलं असं नाही, बरंच काही एकदम चालू असतं, आणि म्हणून अनुभवही माणसागणिक बदलतो.

मला विचाराल तर मेंदूकडे जायच्या आधी मुळाकडे बघा. सुक्या मुळात कावालॅक्टोनचं प्रमाण साधारण ३ ते २० टक्के, एवढा मोठा फरक! फिजीत बारीक बाजूच्या मुळांना वाका म्हणतात, ती जड असतात, बुंध्याकडचा भाग म्हणजे लेवेना, तो सौम्य. झाड तयार व्हायला किमान तीनेक वर्षं लागतात, २०१६ च्या विन्स्टन वादळात फिजीतलं पीक मोठ्या प्रमाणात गेलं, अशा वेळी मागणी तीच आणि झाडं कमी, मग कोवळी मुळंही बाजारात येतात. तुमचा ब्रेक चालू असताना पावडरच बदललेली असू शकते, किंवा घरात उघड्या पाकिटात ओल लागून पडलेली असू शकते.

पोटाचंही तसंच. ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, गाळात तरंगत राहतात, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून घ्यावं लागतं, नाहीतर वरचं नुसतं पाणी पोटात जातं. वानुआतूत लोक जेवणाआधी पितात ते उगाच नाही, भरल्या पोटी कावा फार हळू लागतो.

एक सोपी खूण आहे, जिभेची. कावाइन आणि त्याच्या जोडीची द्रव्यं जीभ बधिर करतात. घोट घेतल्यावर ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी झालीच नाही तर आधी मालावर शंका घ्या. झाली आणि तरी अंगात काही नाही, तर मग ब्रेकचा विचार करायला जागा आहे.

काहीही असो, लागत नाही म्हणून करवंटीमागून करवंटी रिचवू नका, इफेक्ट मागाहून येतो आणि मग मळमळ सुटते, पाय लटपटतात. यकृतावर परिणाम झाल्याच्या केसेसमुळे जर्मनीने २००२ मध्ये कावाची औषधं बंद केली होती, २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने तो निर्णय फिरवला, तरी धोका शून्य झाला असं नाही. यकृताचा त्रास असेल, झोपेच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर कावाच्या वाटेला जाऊच नका, दारूबरोबर तर अजिबात नाही, पिऊन गाडीही चालवू नका. आणि 'जास्त स्ट्राँग' म्हणून कुणी टूडे जातीचा कावा पुढे केला तर तो घेऊ नका, त्याची सुस्ती दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरत नाही, म्हणूनच रोज पिण्यासाठी बेटांवरचे लोक नोबल जातीच लावतात.