सेट (इंग्रजी शब्द)

सेट : इंग्रजीतील रोजच्या वापरातला, त्या लिपीत तीनच अक्षरांचा शब्द. क्रियापद, नाम आणि विशेषण या तिन्ही रूपांत तो येतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती : ४३० हून अधिक अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर. पुढे कोशाचे फेरसंपादन सुरू झाले आणि ‘मेक’, मग ‘पुट’, २०११ च्या सुमारास ‘रन’ (क्रियापदाचे ६४५ अर्थ) यांच्या नोंदी त्याहून मोठ्या झाल्या. मात्र फेरसंपादन तेव्हा ‘सेट’पर्यंत पोचलेच नव्हते, त्यामुळे ही तुलना पुरती न्याय्य नाही.

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. क्रियापद अस्सल जर्मानिक कुळातले. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचे प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसवणे. संस्कृतातील ‘सद्’ धातू आणि त्याचे ‘सादयति’ हे प्रयोजक रूप याच मूळ इंडो-युरोपीय धातूपासून आलेले. म्हणून सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द ‘सेट’चे दूरचे नातलग ठरतात. ‘संच’ या अर्थाचे नाम मात्र लॅटिन ‘सेक्टा’ (अनुयायी, पंथ) या शब्दावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. उच्चार एकच, त्यामुळे बोलणाऱ्यांनी दोन्ही एकच मानले आणि अर्थ एकमेकांत मिसळत गेले. ‘शब्द एक आणि अर्थ शेकडो’ असे जे सांगितले जाते ते या मिसळणीमुळे अर्धेच खरे आहे.

क्रियापदाचा गाभा ‘एखादी वस्तू ठरल्या जागी, ठरल्या स्थितीत आणणे’ हा. मराठीत हे काम मुख्यतः ‘बसवणे’ आणि ‘लावणे’ ही दोन क्रियापदे वाटून घेतात. निखळलेले हाड बसवतात, खडा कोंदणात बसवतात. सापळा, गजर, कवितेला चाल आणि आग लावतात. उरलेल्या ठिकाणी शब्द बदलतो : किंमत ठरवतात, प्रश्नपत्रिका काढतात, छपाईचे खिळे जुळवतात. सूर्याच्या बाबतीत इंग्रजी ‘सेट’ अकर्मक होते आणि मराठीत ‘मावळणे’ येते.

द्रवाने घट्ट होणे हाही याच क्रियापदाचा अर्थ, आणि बांधकामात त्याला नेमकी व्याख्या आहे. सिमेंटचे ‘सेटिंग’ म्हणजे पाणी मिसळलेल्या सिमेंटचा हवा तसा आकार घेण्याचा गुण जाणे. त्यानंतर ताकद वाढत जाते ते ‘हार्डनिंग’, आणि ते कित्येक आठवडे चालते. सेटिंगचा काळ विकाट उपकरणाच्या सुईने मोजतात : सुई लगद्यात ठरावीक खोलीपर्यंत जाईनाशी झाली की प्रारंभिक सेटिंग झाले. बोलताना दोन्ही शब्द एकच समजले जातात. कामावर तसे करणे महागात पडते.

उपपदे जोडली की अर्थांची संख्या भराभर वाढते. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, ‘सेट आउट’ म्हणजे निघणे किंवा मांडून सांगणे, ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणे किंवा न्यायालयाने आधीचा निकाल रद्द करणे, ‘सेट इन’ म्हणजे (हिवाळा, कुजणे) सुरू होऊन मुक्काम ठोकणे. स्थिर करणारे क्रियापद ‘सेट ऑफ’मध्ये प्रवासाला निघते, हे विशेष. ‘अपसेट’चा प्रवास तर उलट्या दिशेचा : पंधराव्या शतकात त्याचा अर्थ ‘उभारणे’ असा होता, ‘उलटवणे’ आणि ‘अस्वस्थ करणे’ हे अर्थ नंतरचे. लिलावातील ‘अपसेट प्राइस’, म्हणजे बोलीची किमान रक्कम, यात जुना अर्थ अजून टिकून आहे.

नामाचे अर्थ तुलनेने सुटसुटीत : टेनिसमधला डाव, नाटक-चित्रपटाचे नेपथ्य, व्यायामातील आवर्तनांचा गट, विशिष्ट वर्तुळातील माणसे. गणितातला ‘सेट’ मात्र वेगळा थांबा मागतो. जर्मन गणितज्ञ गेओर्ग कॅन्टर यांनी १८७० च्या दशकात संचसिद्धान्ताचा पाया घातला. त्यांच्या जर्मन संज्ञेला इंग्रजीत ‘सेट’ हा शब्द रूढ झाला आणि मराठी पाठ्यपुस्तकांत ‘संच’. रोजच्या वापरात सेटमधल्या वस्तू एकमेकींना शोभणाऱ्या असतात, एक हरवली की सेट अपुरा राहतो. गणितात ही अट नाही. ३ ही संख्या आणि चंद्र मिळूनही संच होतो; क्रमाला अर्थ नाही, आणि एक घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच धरला जातो.

समानार्थी शब्द द्यायचे तर ते एकेका अर्थाचेच देता येतात. ठेवण्याच्या अर्थी ‘पुट’ सर्वांत साधा, ‘प्लेस’मध्ये काळजी आणि नेमकेपणा, ‘ले’मध्ये आडवे ठेवणे. ‘सेट’मध्ये बहुधा वस्तू नीट टेकवून उभी करण्याचा भाव असतो. ठरवण्याच्या अर्थी ‘फिक्स’ आणि ‘डिटरमिन’ जवळचे; घट्ट होण्याच्या अर्थी ‘सॉलिडिफाय’. संचाच्या अर्थी ‘कलेक्शन’ वाढत राहू शकते, ‘किट’ एखाद्या कामासाठी असते, ‘सीरिज’ला क्रम लागतो, आणि ‘बॅच’ एका वेळी तयार झालेल्या मालाची. पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थिसॉरसमध्ये (समानार्थी शब्दांच्या कोशात) शब्द वर्णानुक्रमे न लावता कल्पनांनुसार लावले, त्यामुळे ‘सेट’सारखा शब्द त्यात एकाच जागी न राहता अनेक गटांत विखुरलेला सापडतो.