द्वीपसमाजांतील वस्तूंचा पुनर्वापर

मुख्य भूमीपासून दूर असलेल्या बेटांवर वापरून संपलेल्या, वाहून आलेल्या किंवा फुटलेल्या जहाजातून मिळालेल्या वस्तू वेगळ्याच कामी लावण्याची पद्धत. ओंडके, लोखंडी पट्ट्या, खिळे, बाटल्या, दोर, तेलाची पिंपे या तिच्या नेहमीच्या वस्तू. प्रवाळबेटांवर धातुक नसते आणि बहुधा कठीण दगडही नसतो. आइसलँड व फेरो बेटांवर घराच्या तुळयांजोगे लाकूड उगवत नसे. सायबीरियातील नद्यांनी समुद्रात लोटलेले ओंडके बर्फाबरोबर वाहत तेथे पोहोचत. आइसलँडमध्ये अशा ओंडक्यांवरील हक्क किनाऱ्याच्या मालकीशी जोडलेला असल्याने ही निव्वळ वेचणी राहिली नाही, तिला मिळकतीचे स्वरूप आले.

लोखंडाचा प्रश्न : पॉलिनीशियात (पॅसिफिकमधील हवाई, ताहिती इत्यादी बेटांचा प्रदेश) लोखंड वितळवले जात नव्हते, तरी यूरोपीय जहाजे प्रथम पोहोचली तेव्हा काही बेटांवर ते ओळखीचे होते. जानेवारी 1778 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक हवाई बेटांवर उतरला त्या वेळी त्याच्या लोकांना तेथे आधीपासूनची दोन लोखंडी हत्यारे दिसली : लाकडी मुठीत बसवलेला, सुमारे दोन इंच लांबीचा पिंपाच्या पट्टीचा तुकडा आणि तलवारीच्या टोकापासून केलेले असावे असे वाटणारे एक पाते. हे लोखंड कोठून आले याविषयी मतभेद आहेत. मेक्सिकोतील आकापुल्को ते फिलिपीन्समधील मानिला या मार्गावर 1565 पासून स्पॅनिश गलबते जात असल्याने त्यांपैकी एखादे हवाईवर फुटले असावे, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार भरकटलेल्या जपानी नौका किंवा खिळे ठोकलेले लाकूड प्रवाहाबरोबर तेथे आले. काहींनी स्पॅनिश खलाशी बेटावर उतरून स्थायिक झाल्याचेही सुचवले आहे. मिळालेले तुकडे आखूड व तुटपुंजे होते, त्यामुळे वाहून आलेल्या लाकडाचे स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते. मात्र तलवारीच्या टोकाचा उलगडा त्याने होत नाही.

ताहितीच्या बाबतीत पुरावा जास्त सलग आहे. डच दर्यावर्दी याकोब रोखेवेनच्या ताफ्यातील ‘आफ्रिकान्स्खे गालेय’ हे जहाज 1722 मध्ये ताहितीच्या ईशान्येकडील तुआमोतू द्वीपसमूहातील ताकापोतो बेटाच्या खडकांवर फुटले. 1765 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉन बायरनला शेजारच्या ताकारोआवर डच होडीच्या सुकाणूचा कोरीव भाग, ठोकलेले लोखंड आणि लहान हत्यारे आढळली. त्यानंतर तीन वर्षांनी फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हीलने ताहितीत लोखंडासाठी ‘आउरी’ हा शब्द ऐकला आणि तो इंग्रजी ‘आयर्न’वरून आला असावा अशी शंका घेतली. सॅम्युएल वॉलिसचे ‘डॉल्फिन’ हे इंग्रज जहाज तेथे 1767 मध्येच येऊन गेले होते आणि खिळ्यांचा व्यापार इतका वाढला होता, की खलाशी जहाजाचेच खिळे उपटून देत. तरीही लोखंडाची ओळख तुआमोतूमार्गे आधीच झाली असावी, हे मत ग्राह्य दिसते.

घडाई : नवे लोखंड प्रथम जुन्या दांड्यातच बसवले गेले. दगडी किंवा शिंपल्याच्या वाकसाचे (लाकूड तासण्याच्या हत्याराचे) पाते काढून त्या जागी पट्टीचा तुकडा दोरीने बांधत. पिंपाची पट्टी मऊ लोखंडाची असते. तिच्यात कर्ब फार कमी असल्याने तापवून पाणी दिले तरी ती कडक होत नाही. धार टिकते ती थंड ठोकण्यामुळे. दगडी ऐरणीवर कडेपासून आत, हलक्या ठोक्यांनी पट्टी पातळ करतात आणि मग वाळूदगडावर पाणी घालून घासतात. ठोकणे अति झाले की लोखंडात राहिलेल्या कीटाच्या (मळीच्या) रेषांवर पट्टी उभी चिरते. लालबुंद तापवून राखेत सावकाश निवू दिल्यास ती पुन्हा ठोकता येते, पण हा उपाय सर्वत्र माहीत नव्हता.

अंदमानी लोक लोखंड तापवत नसत. फुटलेल्या जहाजांचे लोखंड थंडच ठोकून ते बाणांची व भाल्यांची पाती करत, दोऱ्याने बांधत आणि सांध्यावर मेण-राळेचे मिश्रण चोपडत. मुंडण व त्वचेवर खुणा करण्यासाठी गारगोटीच्या कपच्यांच्या जागी बाटलीच्या काचेच्या कपच्या आल्या. हे काम स्त्रियांकडे असे. कपचीची धार पहिल्याच वापरात बोथट होते. पुन्हा धार न लावता ती कोणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी टाकली जाई. अंदमानातील उत्तर सेंटिनल बेटावर 1981 मध्ये अडकलेले ‘प्रिमरोज’ हे मालवाहू जहाजही धातूचा साठा ठरले. लोखंडी पाती तेथे त्याआधीही होती.

तेलाची पिंपे : दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिक बेटांवर सुमारे 200 लिटरची पोलादी पिंपे मुबलक झाली. रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा धोक्याचे, कारण आत इंधनाची वाफ राहते. म्हणून ते धुऊन, पाण्याने भरून छिन्नीने कापतात. ज्योत लावत नाहीत. कीटकनाशकाचे पिंप पिण्याच्या पाण्याला कधीच चालत नाही.

खोबरे वाळवण्याच्या भट्टीत तळे काढलेली तीन-चार पिंपे आडवी जोडून धुराडे करतात आणि वर हवेशीर अंतर ठेवून जाळीचा माच बांधतात. ओल्या खोबऱ्यातील सुमारे 50 टक्के ओलावा 6 टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. सुरुवातीलाच आच जास्त झाली तर वरचा थर कडक होऊन आतली ओल अडकते आणि साठवणीत बुरशी येते. खारी हवा व उष्णता यांनी जाळाजवळचे पिंप सर्वांत आधी गंजते. त्याला भोक पडले की धूर खोबऱ्याला लागून ते काळवंडते व प्रत घसरते. म्हणून पहिले पिंप एकटे काढता येईल असे सैल बसवणे शहाणपणाचे.

इतर वस्तू : स्कॉटलंडच्या लुइस बेटावर घरावरचे धुराने काळे झालेले शाकार (गवती छप्पर) काढून शेतात खत म्हणून पसरत. चुलीला धुराडे नसल्याने काजळी शाकारातच साठे, आणि खत म्हणून तिचेच मोल होते. अलीकडे किनाऱ्यावर येणारे जाळ्यांचे प्लास्टिक दोर काथ्याऐवजी वापरतात. ते पाण्यात कुजत नाहीत, पण सूर्यप्रकाशाने ठिसूळ होतात आणि गुळगुळीत असल्याने साधी गाठ सुटते. त्यांना एक वेढा जास्त द्यावा लागतो.