लष्करी लिलावातली गाडी घेताय? बोलीआधी कागद दाखवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजवर लष्करातून निघालेली जिप्सी, जोंगा (लष्कराची जीपसारखी गाडी) किंवा जुनी जीप टो होऊन येते आणि मालक म्हणतात, "काम निवांत करा, फक्त पासिंगचं तेवढं बघा." खरं अवघड काम तेच असतं. बसलेलं इंजिन उठवता येतं, पण नसलेला कागद आम्हाला तयार करता येत नाही.

सैन्यात असताना या गाडीवर बाणाचा लष्करी नंबर असतो. तो काढून टाकायचा आणि नागरी नोंदणी नव्याने करून घ्यायची. त्यासाठी नमुना 20 मधला अर्ज, विमा, पत्त्याचा पुरावा आणि नमुना 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 47 मध्ये लष्करी गाड्यांच्या या प्रमाणपत्राचा वेगळा उल्लेख आहे, आणि ते संबंधित लष्करी अधिकाऱ्यांकडूनच यावं लागतं. लॉट, म्हणजे लिलावात एकत्र विकलेला माल, उचललेल्या व्यापाऱ्याची पावती किंवा लिलावाची डिलिव्हरी ऑर्डर त्याच्या जागी चालत नाही. लॉटच्या वर्णनात 'स्क्रॅप' लिहिलं असेल तर ती गाडी सुट्या भागांसाठीच समजा, व्यापारी काहीही सांगो. चॅसी नंबर गंजलेला असेल तर त्याला हात लावू नका. ग्राइंडर मारलेला नंबर घेऊन आलात तर आम्ही गाडी आत घेत नाही.

आरटीओ तुमच्या पत्त्यावरून ठरतं: ठाणे शहर 04, डोंबिवली-कल्याण 05, ऐरोली-वाशी 43, खारघर-पनवेल 46. बोली लावण्याआधी तिथे एकदा कागद दाखवून या. गाडीचं वय आणि प्रदूषणाचे निकष यावर गाडं अडू शकतं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला राज्याचा पर्यावरण करही आहे.

हिरव्या रंगाबद्दल दर वेळी वाद होतो. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, नियम 121 तसं स्पष्ट सांगतो. "रुबाब गेला" म्हणून काही जण हळहळतात, पण दुसरा रंग मारल्याशिवाय गाडी तपासणीला नेण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या महायुद्धातली विलिज (अमेरिकी जीप) किंवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जोंगा असेल तर वेगळा मार्ग आहे. 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज घोडबंदर रोडने ऑफिसला जायचं असेल तर हा नंबर घेऊ नका.

आता यंत्राकडे. जिप्सी घेणाऱ्याची झोप उडत नाही. 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन साधं आहे आणि भाग मिळतात. आम्ही आधी पुढच्या एक्सलचे किंग पिन (ज्यांवर चाक वळतं), नकलमधली म्हणजे त्याच सांध्यातली गळती आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा गिअर) बघतो. किंग पिनमध्ये खेळ असेल तर साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. जोंगाची गोष्ट निराळी. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्याने 1969 पासून 1999 पर्यंत बनलेली ही गाडी, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि पेट्रोल पाण्यासारखं पिते. तिचे भाग पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या बाजारातून मागवावे लागतात, त्यामुळे आम्ही तारखेचा शब्द देत नाही. तिच्यात डिझेल इंजिन बसवून द्या, असा आग्रह होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही इंजिन बदलत नाही.

डेपोत उभ्या राहिलेल्या गाडीचं मीटर कमी दाखवतं म्हणून खूश होऊ नका. उभ्या गाडीचे सील, होस आणि ब्रेकचे रबर कडक होतात, टाकीत गंज साचतो. आमच्याकडे टाकी उतरवून साफ केल्याशिवाय पहिली स्टार्ट मारली जात नाही. वायरिंगही तपासून घ्या: विलिज मुळात 6 व्होल्टची, लष्कराच्या काही गाड्या 24 व्होल्टच्या. 24 व्होल्टवर 12 व्होल्टचा बल्ब लावला की लगेच उडतो.

पावसाळ्याआधी पत्र्याचं आणि चॅसीचं काम उरकायचं असेल तर मार्चपर्यंत गाडी आणा. पहिल्या भेटीला गाडी नको. लॉटचं वर्णन, विक्री प्रमाणपत्राची प्रत आणि चॅसी नंबरचा स्पष्ट फोटो एवढंच आणा.